गॅप सर्टिफिकेट मागणाऱ्यांनो

सरकारच्या दप्तरात माणूस एकतर बेरोजगार असतो, नाहीतर विद्यार्थी असतो. दोन्ही एकाच वेळी असायची त्याला परवानगी नाही. बेरोजगार म्हणून चार पैसे मागायला जा, विचारतात, शिकतो का? हो म्हटलं की नाव कटलं. विद्यार्थी म्हणून मागायला जा, विचारतात, वय काय, मधली वर्षं कुठं घातली, आणि बापाचं उत्पन्न किती? बापाचं! माणूस अठ्ठावीस वर्षांचा, दाढीत पांढरा केस आलेला, खांद्याला पोत्यांचा घट्टा पडलेला, आणि दाखला आणायचा बापाच्या उत्पन्नाचा.

दोस्तहो, मी यवतमाळच्या पाटीपुऱ्यातून लिहितोय. तुम्ही मुंबई-पुण्यातले, नागपुरातले. तुमच्याकडे ही गोष्ट वेगळ्या नावानं असेल, पण असणारच. २०१३ साली मी बारावी झालो आणि सुटलो. सुटलो म्हणजे शिक्षणातून सुटलो. घरात खायची तोंडं पाच आणि कमावणारे हात दोन, तेही बसत चाललेले. मग जिनिंगमध्ये रुईचे ढीग ओढले, नाकातोंडात कापूस गेला. एक उन्हाळा वीटभट्टीवर काढला. मग चाकणला ठेकेदाराकडून कंपनीत, बारा तासांची पाळी, सहा महिन्यांनी ब्रेक, परत सहा महिने. २०२० च्या लॉकडाऊननं ठेकेदार गायब आणि आम्ही गावाकडे. तीन वर्षं मिळेल ते केलं. २०२३ ला एका कॉलेजात बी.ए. भाग एकला नाव घातलं, रेग्युलर. आज शेवटच्या वर्षाला आहे.

ॲडमिशनच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, गॅप सर्टिफिकेट आणा. म्हणजे प्रतिज्ञापत्र करायचं की ह्या दहा वर्षांत मी दुसरीकडे कुठं शिकलो नाही आणि कोणता गुन्हा केला नाही. मी लिहून दिलं. पण तेव्हापासून हा शब्द डोक्यात घुसून बसलाय. गॅप. जणू मी दहा वर्षं झाडाखाली झोपलो होतो. दहा वर्षं ह्या जिल्ह्याचा कापूस, ह्या राज्याच्या विटा आणि त्या चाकणच्या कंपनीच्या गाड्यांचे पार्ट उचलले, त्याला सरकारी भाषेत नाव आहे गॅप. च्यायला, मग काम कशाला म्हणतात?

आता हिशोबाकडे येतो, कारण आपल्या लोकांनी हिशोबच नीट वाचायला पाहिजे.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. अठरा ते पस्तीस वयाचा बेरोजगार तरुण घ्यायचा, कुठल्यातरी ऑफिसात नाहीतर कारखान्यात सहा महिने बसवायचा आणि विद्यावेतन द्यायचं. बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,०००. पुढं मुदत पाच महिन्यांनी वाढवली, तीही पोरांनी बोंब मारली म्हणून. असो. पण त्या योजनेत एक अट होती. ज्याचं शिक्षण चालू आहे तो पात्र नाही.

आता दुसरी बाजू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो. तिचे निर्वाह भत्त्याचे दर २०२१ ला सुधारले. सुधारले! साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारा, घरून कॉलेजात जाणारा अनुसूचित जातीचा विद्यार्थी असेल तर वर्षाला ३,०००. महिन्याला अडीचशे. दिवसाला आठ रुपये. यवतमाळच्या बसस्टँडवर कट चहा येत नाही त्यात. हॉस्टेलवर राहत असेल तर वर्षाला ६,०००.

म्हणजे तोच मी, तेच पोट. बारावी पास बेरोजगार म्हणून एखाद्या कचेरीत फायली इकडून तिकडे नेल्या तर महिन्याला ६,०००. आणि वर्गात बसून राज्यशास्त्र शिकलो तर २५०. चोवीस पट फरक. राजेहो, ह्यातून पोरगा काय शिकेल? हेच शिकेल की साहेबाच्या टेबलाजवळ उभं राहण्याला किंमत आहे, बाकावर बसण्याला नाही.

कुणी म्हणेल, स्वाधार आहे ना. आहे. बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना सरकारनं २०१६-१७ पासून आणली, ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,०००. त्यात भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,०००, निर्वाहाचे ६,०००. योजना चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. कितीतरी पोरी-पोरं त्यावर तरली. पण ज्या शहरात कॉलेज त्याच शहरात घर असेल तर ती मिळत नाही. पाटीपुऱ्यातल्या पोराला यवतमाळात भूक लागत नाही असं सरकारचं मत आहे. भोजनाला वर्षाला २५,००० लागतात हे सरकारनंच कागदावर लिहून दिलंय, आणि त्याच सरकारचा दुसरा कागद मला अख्ख्या वर्षाला ३,००० देतो. शिवाय ५० टक्के मार्कांची अट. आता दहा वर्षांपूर्वी रात्री हमाली करून बारावी दिलेल्याला किती मार्क पडणार?

मार्कांचं निघालंच आहे तर सांगतो. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा पोरगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ मार्क. टक्के काढा. अडतीसही भरत नाहीत. आज तो पोरगा अकरावीसाठी स्वाधारचा अर्ज घेऊन आला असता तर त्याच्याच नावाच्या योजनेनं त्याला खिडकीवरून परत पाठवला असता.

आणि गॅपचं म्हणाल तर बाबासाहेबांनाही गॅप पडला होता, हे आपण जयंतीच्या भाषणात भर्रकन बोलून पुढं जातो. १९१३ ला बडोद्याच्या गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंडांची, म्हणून कोलंबिया झालं. तिथून १९१६ ला लंडन. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्याला नोकरीवर गेले तर पारशांच्या मुक्कामातून लाठ्या घेऊन हाकललं. मुंबईत आले तेव्हा हातात काम नाही. शिकवण्या केल्या. शेअरबाजारवाल्यांना सल्ला द्यायचं काम काढलं, जात कळल्यावर गिऱ्हाईक आटलं. दोस्तहो, १९१७-१८ साली परळच्या चाळीत बसलेला तो माणूस आजच्या भाषेत सुशिक्षित बेरोजगार होता. बायको होती, पोरगा होता. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्रानं पाच हजार कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत पुन्हा लंडन. वय २९. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.

ह्यात दोन गोष्टी बघा. एक, लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. दार लोटून ठेवलं, पण कडी घातली नाही. दोन, दार उघडं असूनही मित्राचे पाच हजार आणि राजाची मदत नसती तर ते दार काय कामाचं होतं? आपल्यातल्या प्रत्येकाला भथेना भेटत नाही. ज्याला भेटला नाही तो आज कुठं आहे? तो वणीच्या कोळशात आहे, मुकुटबनच्या सिमेंटात आहे, कुणाच्या तरी एटीएमबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत रात्र काढतोय.

आज दार लोटून ठेवलंय, हे मान्य करतो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं सांगितलं की एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, नंतर परत या, तुमचे क्रेडिट बँकेत जमा राहतील. क्रेडिटची बँक! आमच्या घरात कणकीचा डबा रिकामा आणि क्रेडिट बँकेत. बाहेर पडायचा रस्ता धोरणानं फार सुरेख बांधला. आत यायच्या रस्त्यावर भाकरीची सोय कुठंच नाही. असल्या धोरणात गरिबाची पोरं बाहेरच पडत राहणार, आणि प्रस्थापितांची पोरं चार वर्षं पुरी करणार. मग दहा वर्षांनी कुणी समिती नेमून विचारतील, ड्रॉप-आऊट एवढे का?

दुसरं उत्तर देतात मुक्त विद्यापीठाचं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला नाशिकला निघालं आणि त्यानं लाखो लोकांना पदवी दिली, हे मी नाकारत नाही. ज्याच्याकडे नोकरी आहे आणि बढतीसाठी पदवी पाहिजे त्याला ते सोन्यासारखं. पण ज्याला नोकरीच नाही त्यालाही तुम्ही सांगता, घरी बसून पुस्तक वाच. घर कुठाय? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही. मला वर्ग पाहिजे, लायब्ररी पाहिजे, भांडायला मास्तर पाहिजे. पांढरपेशांच्या पोरांना कॅम्पस आणि आम्हाला पोस्टानं शिक्षण, ही वाटणी कुणी केली?

माझ्या गल्लीत हे बोललो की लोक हसतात. 'काहून रे बाप्पा, आता शिकून कलेक्टर होतं का? संगतचे पोट्टे तुले काका म्हणत असतीन!' म्हणतात, होय, काका म्हणतात. माझी माय मात्र हसत नाही. ती विचारते, 'फी माफ हाय म्हणतं, तं मंग पैसे कायले लागते?' आणि इथंच सगळी मेख आहे. सरकार फी माफ करतं आणि समजतं की शिक्षण फुकट झालं. अठराच्या पोराला ते थोडंफार लागू पडतं, त्याला घर पोसतं. पण अठ्ठावीसच्या माणसाला घर पोसत नाही, तो घराला पोसतो. तो वर्गात बसला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्याच्या शिक्षणाचा खरा खर्च फी नाही, बुडालेला रोज आहे. हा खर्च कुठल्याच शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

बाईचं तर ह्याहून अवघड. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आहे, दहावीला शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न, आता एकतीस वर्षांची. तिला नर्सिंग करायचंय. शिष्यवृत्तीच्या नियमात लग्न झालेल्या बेकार विद्यार्थिनीचं उत्पन्न म्हणजे नवऱ्याचं उत्पन्न. नवऱ्यानं दाखला आणून दिला तर पुढचं सगळं. तो म्हणतो, पोरं कोण सांभाळणार? तिला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात, २०२४ पासून. त्या योजनेत कुणी गॅप विचारला नाही, मार्क विचारले नाहीत, शिकते का म्हणून नाव कापलं नाही. सरकारला जिथं मतं दिसतात तिथं गॅप दिसत नाही.

आता जरा बाहेर बघू. १९४४ साल घ्या. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात. त्यांनी १९४२ ला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, भांडून तीन लाख रुपये मिळवले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच ही, आजची महिना अडीचशेवाली. त्याच १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकेनं युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला, ज्याला ते जीआय बिल म्हणतात. फी तर दिलीच, पण वर महिन्याला ५० डॉलर पोटाला, आणि बायकापोरं अंगावर असतील तर ७५. बावीस लाख माणसं त्या पैशावर कॉलेजात गेली. पंचविशीची, तिशीची, लग्न झालेली माणसं, पोरांना कडेवर घेऊन. कुणी म्हणालं नाही की तीन-चार वर्षं गॅप का पडला. आणि तिथला मनू कसा वागला तेही ऐका. कायद्यात काळा-गोरा नव्हता, पण दक्षिणेत कचेऱ्या गोऱ्यांच्या हातात. काळ्या सैनिकाला तिथं कॉलेजाऐवजी हमालीचं काम दाखवायचे, आणि गोऱ्यांच्या कॉलेजाचं दार त्याला बंदच. म्हणून आपण मागणी करताना पैसा मागतोच, पण पैसा कुणाच्या खिडकीतून येणार तेही विचारलं पाहिजे.

हे अमेरिकेचं झालं, श्रीमंतांचं, असं म्हणाल. मग घरचंच घ्या. माणसाला काम मागायचा हक्क आहे हे महाराष्ट्रानं देशात सगळ्यांच्या आधी मानलं. वि. स. पागेंची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, मुख्यमंत्री होते आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला. पुढं दिल्लीनं २००५ ला हाच कित्ता गिरवला. आमच्या आयांनी त्या कामावर गिट्टी फोडली, नाले बांधले, त्यावर आम्ही जगलो. मी त्या कायद्याला नमस्कार करतो. पण त्या कायद्यात काम म्हणजे काय? अंगमेहनतीचं काम. राज्य म्हणालं, तू प्रौढ आहेस, बेकार आहेस, उपाशी आहेस, घे फावडं. एकदाही म्हणालं नाही की घे पुस्तक. गावकुसाबाहेरच्याच्या हाताला काय शोभतं हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या डोक्यात ते नव्हतं. त्यांनी १८५५ ला रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी, थोराड माणसांसाठी. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. आपल्या परंपरेत मोठ्या वयाचा विद्यार्थी हा हसायचा विषय कधीच नव्हता.

म्हणून थोडं आपल्या माणसांनाही बोलतो, राग आला तर येऊ द्या. 'शिका' हा आपला पहिला शब्द. पण तो आपण सोळा वर्षांच्या पोराकडे बघूनच उच्चारतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर वस्त्यावस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात, नव्वद टक्केवाल्याला पेन आणि बाबासाहेबांचा फोटो. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण तिशीत परत बी.ए.ला बसलेल्या हमालाचा सत्कार मी अजून पाहिला नाही. आपले नोकरदार बांधव, बँकेतले, एलआयसीतले, शाळामास्तर, मला भेटले की म्हणतात, एमपीएससी दे. जणू शिक्षणाचा दुसरा काही उपयोगच नाही. आणि एमपीएससीसाठी पुण्याच्या पेठांमध्ये खोली करून चार वर्षं बसायला बापाची जमीन लागते, हे त्यांना कुणी सांगावं? पदवी घेतली म्हणून मला नोकरी लागेलच असा माझा भ्रम नाही. यवतमाळात आहे काय? जिनिंग, डेनिमची एक कंपनी, मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे होती तीही बंद पडली. पण नोकरी नाही म्हणून शिकायचं नाही, हा न्याय कुणी पैसेवाल्याच्या पोराला लावतं का?

मागायचं काय ते सरळ लिहितो. शिक्षण सुटून दोन वर्षांच्या वर झालेली कुणीही बेकार व्यक्ती कॉलेजात, आयटीआयमध्ये, डिप्लोमाला पूर्ण वेळ परत आली तर तिला महिन्याला निदान तेवढे पैसे द्या, जेवढे फायली उचलणाऱ्या बारावीवाल्याला देऊ केले होते. पोरं अंगावर असतील तर जास्त. उत्पन्न तिचं स्वतःचं बघा, बापाचं नको, नवऱ्याचं नको. जुने मार्क विचारू नका, चालू वर्षाची हजेरी विचारा, ती आम्ही देऊ. आणि घर त्याच शहरात आहे म्हणून भाकरी तोडू नका.

पैसा कुठून? रोजगार हमी उभी करायला १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला होता. पगारदाराच्या खिशातून तो आजही कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. शहरातल्या पगारानं खेड्यातल्या बेकाराच्या हातात फावडं द्यायचं हे ज्या राज्याला पन्नास वर्षांपूर्वी सुचलं, त्याला त्याच पद्धतीनं पुस्तक द्यायला काय अडचण आहे ते समाजकल्याण मंत्र्यांनी विधानसभेत उभं राहून सांगावं.

ते आपोआप सांगणार नाहीत. त्यासाठी आकडा लागेल, आणि आपल्या वस्त्यांचा हा आकडा कुणी मोजलेला मी पाहिला नाही. पाटीपुऱ्यात आम्ही तिघा-चौघांनी वही घेऊन दारोदार फिरायला सुरुवात केलीय. कितवीला सुटली, का सुटली, आज वय काय, पोटाची सोय झाली तर परत जाल का, एवढेच चार प्रश्न. कुणाचं नाव लिहीत नाही. तुमच्या चाळीत, झोपडपट्टीत, वसाहतीत हे करायला एक रविवार पुरे. बायकांना विचारायला बाईच न्या, नवरा उत्तर देतो. झाल्यावर वह्या ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.